शाश्वत विकासाचे ठराव आणि आमचा वारसा

१

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात शाश्वत विकासावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. इतिहास विभागाचा प्राध्यापक म्हणून विषयाची 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' मांडण्याचे काम माझ्याकडे आले. स्टॉकहोम, रिओ, जोहान्सबर्ग, पुन्हा रिओ आणि शेवटी न्यूयॉर्क अशी पन्नास वर्षांची जंत्री मी तयार केली. पाहुण्यांना हारांऐवजी रोपे देण्यात आली. व्यासपीठामागच्या फलकावर सतरा रंगांचे चाक होते.

जेवणाच्या सुटीत मागच्या बाजूची संडासाची टाकी तुंबली. नगरपालिकेची मैला उपसणारी गाडी मिळेना. शिपायाने कुठूनसे दोन पोरांना बोलावून आणले. त्यांच्याजवळ बादली होती, दोर होता आणि एक लांब बांबू होता. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून सभागृहाच्या त्या बाजूच्या खिडक्या लावून घेण्यात आल्या, आणि सर्वांसाठी पाणी व स्वच्छता या सहाव्या उद्दिष्टावरच्या निबंधाचे वाचन सुरू झाले.

त्या दोघांपैकी एकाला मी ओळखत होतो. माझ्या वडिलांबरोबर काम करणाऱ्या एका काकांचा तो नातू. मला पाहून त्याने मान खाली घातली. खरे तर मान मी खाली घालायला हवी होती. मी बाहेर गेलो आणि त्यांना टाकीत उतरू दिले नाही, एवढेच केले. परत येऊन मी माझा निबंध वाचला. त्यात सगळ्या परिषदांची सालवारी होती, पण खिडकीबाहेर काय चालले आहे याचा एक शब्दही नव्हता. त्या दिवशी तेथे जे बोललो नाही ते येथे लिहीत आहे.

माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्यांच्या आधी आजोबा होते. आजोबांनी डोक्यावरून मैला वाहिला. वडिलांच्या काळी डोके सुटले, हातपाय सुटले नाहीत. मी बी. ए. झालो त्या वर्षी कार्यालयातल्या एका बाबूने वडिलांना सल्ला दिला, की पोराचे नाव वारस म्हणून लावून टाका, एम. ए. करून काय कलेक्टर होणार आहे? लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क कामगारांनी लढून टिकवला आहे, अनेक घरांची चूल त्यावर पेटते, तेव्हा त्याची टिंगल मी करणार नाही. पण बापाची कोणती गोष्ट पोराकडे यावी हे ज्या समाजाने इतके निश्चित करून ठेवले आहे, त्या समाजाकडे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वडिलांनी तो अर्ज तीन दिवस ट्रंकेवर ठेवला. चौथ्या दिवशी आईने तो चुलीत घातला.

म्हणून 'शाश्वत' हा शब्द ऐकला की मी दचकतो. इंग्रजी संज्ञेला मराठीत हा प्रतिशब्द कोणी योजला मला ठाऊक नाही, पण त्याच्या शेजारीच 'सनातन' हा शब्द बसलेला आहे. जे बदलत नाही, ज्याला आदि नाही आणि अंत नाही, ते शाश्वत. बुद्धाने शाश्वतवाद नाकारला तो उगाच नव्हे. या देशात सर्वांत टिकाऊ ठरलेली एकमेव गोष्ट म्हणजे जात होय. तेव्हा जगातील राष्ट्रे शाश्वत विकासाची वचने देतात त्या वेळी आम्हाला विचारावेच लागते, की काय टिकवायचे आहे आणि काय मोडायचे आहे?

२

या इतिहासाचा आरंभ १९७२ साली झाला. ५ ते १६ जून या काळात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. ११३ देश आले. सोव्हिएत गटातील बहुतेक देशांनी पूर्व जर्मनीच्या प्रश्नावरून बहिष्कार घातला. यजमान पंतप्रधान ओलाफ पाल्मे यांच्याखेरीज केवळ एका देशाच्या पंतप्रधान तेथे जातीने हजर होत्या. त्या इंदिरा गांधी.

१४ जूनच्या त्यांच्या भाषणाचा दाखला आजही दिला जातो. गरिबी आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नाहीत काय, असा त्यांचा सवाल होता. खेड्यांत आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांचे जगणे मुळातच गढूळ झाले असताना त्यांना नद्या आणि हवा स्वच्छ ठेवायला सांगणे व्यर्थ आहे, असे त्यांनी श्रीमंत राष्ट्रांना सुनावले. ज्यांनी वसाहती लुटून संपत्ती जमवली त्यांनी आता गरीब राष्ट्रांना काटकसरीचे धडे द्यावेत, यातील ढोंग त्यांनी उघडे केले. हा युक्तिवाद खरा होता, आजही खरा आहे. तो मी कमी लेखत नाही.

पण या भाषणातील गरिबाला जात नाही. तो नुसता गरीब आहे. याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस फिरकला नाही, आणि लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. त्या काळातही गावातल्या विहिरीवर कोणी आधी जायचे, कोणाच्या घागरीत वरून पाणी ओतायचे, हे दुष्काळाने ठरवले नव्हते. ते आधीच ठरलेले होते. इळया पेरूमल समितीचा अहवाल अस्पृश्यतेच्या आणि अत्याचारांच्या नोंदी घेऊन संसदेपुढे येऊन गेला होता. याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. म्हणजे देशाच्या पंतप्रधान जगाला गरिबीची कैफियत ऐकवीत होत्या त्याच वर्षी त्या गरिबीला जात असते हे सांगणारी पोरे रस्त्यावर उतरत होती. हे दोन आवाज एकमेकांना भेटले नाहीत.

स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात २६ तत्त्वे आहेत. त्यातले पहिलेच तत्त्व वाचून मी थबकलो होतो. वर्णभेद, वांशिक पृथक्करण, भेदभाव, वसाहतवाद आणि दडपशाहीचे अन्य प्रकार यांचा त्यात स्पष्ट निषेध आहे. पर्यावरणाच्या जाहीरनाम्याचा आरंभ माणसामाणसांतील भेदाच्या निषेधाने होतो! दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध भारत सरकार जगाच्या व्यासपीठांवर सातत्याने बोलत होते, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मात्र त्या तत्त्वातील 'अन्य प्रकार' या दोन शब्दांत आपल्या घरचे काय काय मावते, याची चौकशी कोणी केली नाही.

परिषदेच्या बाहेर स्वयंसेवी संघटनांची आणि तरुणांची वेगळी व्यासपीठे भरली होती. सरकारे आत ठराव करतात आणि लोक बाहेर त्या ठरावांची चिरफाड करतात, ही प्रथा तेथूनच सुरू झाली.

३

१९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९८७ साली आला. शाश्वत विकासाची आज सर्वत्र घोकली जाणारी व्याख्या त्या अहवालातली. आजच्या पिढीच्या गरजा भागवताना भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का लागू नये, हा तिचा आशय. गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम द्यावा असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. आमचे वक्ते नेमके तेवढेच वाक्य वगळतात.

'भावी पिढ्या' ही कल्पना थोर आहे. पण वर्गात ती शिकवताना मला आजोबा, वडील आणि चुलीत गेलेला तो अर्ज आठवतो. वरच्या माणसाला भावी पिढीसाठी जंगल राखायचे असते, नदी राखायची असते. ज्याला वारशात झाडूच मिळालेला आहे त्याला भावी पिढीसाठी वारसा तोडायचा असतो. पिढ्यांमधील न्यायाचा विचार करणाऱ्या शास्त्राने, एका पिढीचा कलंक दुसरीच्या कपाळी लावणाऱ्या व्यवस्थेचा विचार करू नये, हे मला या व्याख्येतील सर्वांत मोठे रिकामे स्थान वाटते.

जून १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे 'वसुंधरा परिषद' झाली. १७२ देशांची सरकारे आणि १०८ राष्ट्रप्रमुख वा सरकारप्रमुख तेथे जमले. २७ तत्त्वांचा जाहीरनामा, हवामान आणि जैवविविधता यांवरचे दोन करार, आणि ४० प्रकरणांचा 'अजेंडा २१' हा कार्यक्रम तेथून बाहेर पडला. जैवविविधतेच्या करारावर अमेरिकेने तेथे सही केली नाही. पुढे १९९३ मध्ये केली, पण त्यावर आजवर संमतीची मोहोर उठवलेली नाही.

राजकीय वचन म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर या कार्यक्रमाचे पैशाचे प्रकरण वाचावे. गरीब देशांत हा कार्यक्रम राबवायला दरसाल सुमारे ६०० अब्ज डॉलर लागतील आणि त्यांपैकी सुमारे १२५ अब्ज बाहेरून अनुदान वा सवलतीच्या रूपाने यावे लागतील, असा अंदाज परिषदेच्या सचिवालयाने दिला होता. श्रीमंत राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हे उद्दिष्ट १९७० पासून ठरलेले होते. रिओत ते पुन्हा उच्चारले गेले. मग काय झाले? परिषदेच्या वेळी ही मदत सरासरी ०.३३ टक्क्यांच्या आसपास होती, आणि १९९७ पर्यंत ती ०.२२ टक्क्यांवर घसरली. ठराव वर चढत गेले आणि पैसा खाली उतरत गेला.

अधिकृत परिषदेपासून दूर, फ्लामेंगो उद्यानात, लोकांची 'जागतिक सभा' भरली होती. हजारो कार्यकर्ते आले, त्यांनी स्वतःचे पर्यायी करार लिहिले. आदिवासी जनसमूहांनी कारी-ओका येथे आपली वेगळी परिषद आधीच भरवून आपला जाहीरनामा केला होता. या संघटित दबावाचे फळ म्हणून 'अजेंडा २१'मध्ये समाजातील नऊ 'प्रमुख गटांना' स्थान मिळाले. ते असे: स्त्रिया, मुले व युवक, आदिवासी जनसमूह, स्वयंसेवी संघटना, स्थानिक स्वराज्य संस्था, कामगार व त्यांच्या संघटना, व्यापार-उद्योग, वैज्ञानिक, आणि शेतकरी.

वाचकहो, या यादीत आपण कोठे आहोत? आपण कामगार आहोत, पण कामगार म्हणून आपली संघटना आपल्याला बहुधा शेवटच्या रांगेत बसवते. आपण शेतकरी म्हणावे तर बहुतेकांना जमीन नाही. उद्योगपतींना त्या यादीत स्वतंत्र खुर्ची होती. जन्माने बहिष्कृत ठरवलेल्या कोट्यवधींना नव्हती. यात केवळ त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. आदिवासी समूह तेथे संघटितपणे पोचले होते. आपण पोचलो नव्हतो, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे.

महाराष्ट्राचा रिओशी संबंध नर्मदेच्या काठाने येतो. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. रिओत राष्ट्रप्रमुख सह्या करीत होते त्याच महिन्यात, १८ जून १९९२ रोजी, बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल आला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष असल्याचा निर्वाळा त्याने दिला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या मणिबेलीचे आदिवासी गाव सोडायला तयार नव्हते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारच्याच विनंतीवरून बँकेचे उरलेले कर्ज रद्द झाले. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले मणिबेलीचे. एका आदिवासी पाड्याचे नाव जगाच्या चर्चेत गेले, हा नागरी संघटनांच्या टीकेचा विजय होय. पण धरण थांबले नाही. सरकारने स्वतःच्या बळावर ते पुरे केले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. बाहेरचा पैसा अडवता येतो, घरची सत्ता अडवता येत नाही, हा त्या विजयाचा दुसरा अर्थ.

आणखी एक तारीख नोंदवतो. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची प्रथा आणि कोरडे संडास यांना बंदी घालणारा कायदा आपल्या देशात १९९३ साली झाला. त्या कायद्यावरची तारीख ५ जून ही आहे. हाच दिवस स्टॉकहोमच्या स्मरणार्थ जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळला जातो. दरवर्षी त्या दिवशी आम्ही महाविद्यालयात झाडे लावतो. या दुसऱ्या योगायोगाची आठवण कोणी काढत नाही. तो कायदा काही राज्यांत लागू व्हायलाच १९९७ साल उजाडले.

४

आता मी २००१ आणि २००२ या दोन वर्षांकडे येतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या दोन वर्षांत आहे, आणि ते दोन्ही प्रसंग एकाच देशात घडले.

आपला प्रश्न जगापुढे नेण्याचा विचार नवा नाही. १९४६ साली अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले.

त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने तेथे गेले. जन्म आणि काम यांवर आधारलेला भेदभाव ठरावात यावा एवढीच त्यांची मागणी होती. स्वयंसेवी संघटनांच्या जाहीरनाम्यात ती आली. सरकारांच्या जाहीरनाम्यात आली नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यासाठी आमची घटना आणि आमचे कायदे समर्थ आहेत, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. विशेष हे, की १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्द घातला गेला होता तो भारताच्याच सूचनेवरून. त्या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीने ऑगस्ट २००२ मध्ये स्पष्ट केले, की या शब्दात जातीवर आधारलेला भेदभावही येतो. आपणच घडवलेली किल्ली आपल्याच कुलपाला लागते म्हटल्यावर सरकारने ती ओळखण्याचेच नाकारले.

स्टॉकहोम आणि डर्बन शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी भारत सरकार गरिबांच्या नावाने जगाशी भांडते. दुसऱ्या ठिकाणी तेच सरकार त्याच गरिबांना सांगते, की जगापुढे तोंड उघडू नका. गरिबी चव्हाट्यावर मांडायची आणि जात माजघरात झाकायची, हे आपल्या परराष्ट्रनीतीचे जुने सूत्र आहे. पक्ष बदलले, सूत्र बदलले नाही.

ऑगस्ट २००२ मध्ये समितीने तो निर्वाळा दिला त्याच महिन्याच्या २६ तारखेला जोहान्सबर्गमध्ये शाश्वत विकासाची जागतिक शिखर परिषद सुरू झाली. सँडटन या श्रीमंत उपनगरात ती भरली होती, आणि तेथून काही मैलांवर अलेक्झांड्रा ही काळ्या लोकांची दाटीवाटीची वस्ती होती. ३१ ऑगस्टला या वस्तीतून सँडटनवर सुमारे वीस हजारांचा मोर्चा निघाला. त्यात भूमिहीन होते, घरांतून हाकललेले होते, पाण्याच्या आणि विजेच्या खासगीकरणाने नळ आणि दिवे तुटलेले लोक होते. वर्णभेद संपला, मग आमच्या नळाला पाणी का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ४ सप्टेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातच निदर्शकांनी त्यांचे भाषण अडवले.

या परिषदेची सर्वांत मोठी वाहवा झाली ती स्वच्छतेच्या वचनामुळे. २००० सालच्या सहस्रक उद्दिष्टांत पिण्याच्या पाण्याचे लक्ष्य होते, संडासाचे नव्हते. जोहान्सबर्गमध्ये ठरले, की मूलभूत स्वच्छतेची सोय नसलेल्यांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्म्यावर आणायचे. अमेरिकेचा विरोध मोडून हे वचन घेतले गेले, म्हणून नागरी संघटनांनीही त्याचे स्वागत केले.

त्या वर्षी मी आठवीत होतो. त्या पावसाळ्यात वडील एका टाकीत उतरले आणि बेशुद्ध होऊन वर आले. दोन दिवस त्यांना खोलीतली हवा पुरत नव्हती. चर्चासत्राची तयारी करताना मी त्यांना जोहान्सबर्गची गोष्ट सांगितली. जगातले सगळे देश त्या साली जमले होते आणि त्यांनी सगळ्यांना संडास द्यायचे कबूल केले होते, असे म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बांधतो म्हणले, ते बरं केलं. पण उपसायचं कुणी, हे इचारलं का कुणी तिथं?"

मी ठराव पुन्हा वाचला. विचारलेले नाही.

५

यापुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात परिषदा मोठ्या आणि निष्पत्ती लहान आहे.

जून २०१२ मध्ये रिओत पुन्हा परिषद झाली. २८३ परिच्छेदांचा मसुदा राष्ट्रप्रमुख येण्यापूर्वीच शिजवून ठेवला होता. नागरी समाजाच्या पूर्ण सहभागाने हा दस्तऐवज केला आहे, असे त्याच्या आरंभी लिहिले होते. स्वयंसेवी संघटनांच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीने भर सभेत मागणी केली, की ते शब्द काढून टाका, यात आमचा सहभाग नाही. आपले नाव घाला म्हणून आयुष्यभर झगडणाऱ्यांवर आपले नाव खोडा असे म्हणण्याची पाळी येते, तेव्हा समजावे की सहभाग हा शोभेचा शब्द झाला आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथे १९३ देशांनी १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये एकमताने स्वीकारली. कोणालाही मागे ठेवायचे नाही, ही त्यांची घोषणा. दहाव्या उद्दिष्टातील दुसरे लक्ष्य सर्वांच्या समावेशाचे आहे. वय, लिंग, अपंगत्व, वंश, वांशिक गट, मूळ, धर्म, आर्थिक वा अन्य स्थिती यांचा विचार न करता समावेश, असे ते म्हणते. दलित संघटनांची मागणी असूनही त्यात 'जात' हा शब्द नाही. 'मूळ' आणि 'अन्य स्थिती' यांत आपण आपली सोय लावून घ्यायची! स्टॉकहोममध्ये आपण 'अन्य प्रकारां'त होतो, न्यूयॉर्कमध्ये 'अन्य स्थिती'त आलो. त्रेचाळीस वर्षांची ही प्रगती.

सहावे उद्दिष्ट म्हणते, २०३० पर्यंत सर्वांना स्वच्छतेची सोय मिळावी आणि उघड्यावर शौचास जाणे संपावे. मैला उपसणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. आठव्या उद्दिष्टात सर्व कामगारांना सुरक्षित वातावरण हवे असे एक लक्ष्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु संडास एका खान्यात आणि तो उपसणारा दुसऱ्या खान्यात, असे झाले की दोन्ही खान्यांचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात.

जोहान्सबर्गचे वचन २०१५ साली मोडले. तेव्हा सुमारे २.४ अब्ज लोकांना सुधारित संडासाची सोय नव्हती. आपल्याकडे २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. माझ्या आईबहिणींना दाराशी संडास मिळाला याचा मला आनंदच आहे. पण प्रत्येक नवी टाकी कधीतरी भरते. १९९३ चा कायदा पोकळ ठरला म्हणून सफाई कर्मचारी आंदोलनाला २००३ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०१३ साली नवा कायदा आला, २७ मार्च २०१४ च्या निकालाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख झाले. मरणाची किंमत वाढत गेली, मरण थांबले नाही. गटारे आणि टाक्या साफ करणाऱ्या कामगारांच्या सरकारी नोंदणीची आकडेवारी २०२४ साली पुढे आली. नोंदलेल्या सुमारे ३८ हजारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. जात हा अंतर्गत प्रश्न आहे म्हणणाऱ्यांनी हा आकडा टाकीच्या तोंडावर उभे राहून वाचावा.

आंतरराष्ट्रीय दलित ऐक्य जाळ्याचा संयुक्त राष्ट्रांकडील सल्लागार दर्जाचा अर्ज भारताच्या आक्षेपांमुळे २००८ पासून अडकून पडला होता. प्रश्नावर प्रश्न विचारून तो पुढे ढकलला जाई. डिसेंबर २०२२ मध्ये तो अखेर मंजूर झाला. दरवाजा किलकिला झाला आहे. पण २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनीच कबूल केले, की सतरा उद्दिष्टांच्या लक्ष्यांपैकी केवळ १५ टक्के वाटेवर आहेत. आपण सभागृहात पोचलो तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती.

६

सरकारांवर टीका करणे सोपे आहे. टीकाकारांचीही थोडी झडती घेतली पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकतर्फी होईल.

या परिषदांना आपल्याकडून कोण जातात? ज्यांना इंग्रजी येते, ज्यांच्या संस्थेला परदेशी निधी मिळतो, ज्यांचे पारपत्र तयार असते. त्यांच्यातील अनेकांची तळमळ खरी आहे. पण त्यांच्या विचारात एक गोड स्वप्न आहे. जुने खेडे निसर्गाशी एकरूप होते, गावाचे तळे आणि गायरान सगळ्यांचे होते, बाजाराने आणि सरकारने ते बिघडवले, असे ते स्वप्न. आम्हाला ते पडत नाही. गावाचे तळे सगळ्यांचे असते तर महाडला जायची गरज पडली नसती. बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या गौरवाला नकार दिला तो या अनुभवातून. पाण्याचे आणि जंगलाचे भान आम्हाला बाहेरून शिकायचे नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याचा जुलूम मांडला आणि पाणी व माती अडवण्याचे उपायही सांगितले. पण ते निसर्गाबद्दल बोलताना भटशाहीबद्दल गप्प बसले नाहीत. पर्यावरणाची आमची परंपरा ही आहे.

महाडचा इतिहास या साऱ्या परिषदांची गुरुकिल्ली आहे, असे मला वाटते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन ठराव झाले, आणि एकही अस्पृश्य तळ्यावर गेला नाही, कारण जाऊ दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला! कागदावरचा हक्क कोणी खरोखर वापरला की तो कागद मागे घेतला जातो. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ठराव निरर्थक नसतो. बोले ठराव नसता तर महाडच्या पावलांना कायद्याचा आधार मिळाला नसता. म्हणून 'हे सगळे श्रीमंतांचे नाटक आहे' असे म्हणून पाठ फिरवणारे आमचे काही तरुण मित्र चुकतात. दुसरी, ठराव स्वतः चालत नाही. त्याला तळ्यापर्यंत पायी न्यावे लागते, आणि नेणारा तहानलेलाच असावा लागतो. स्टॉकहोमपासून न्यूयॉर्कपर्यंत जे झाले ते ठराव होते. त्यांना महाड मिळालेले नाही.

तेव्हा आपण काय करायचे? आपल्या नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने, महाविद्यालयाने सतरा उद्दिष्टांचे फलक लावले असतील तर त्यांना विचारायचे, की टाकी कोण उपसतो, त्याचे नाव हजेरीपटावर आहे का, यंत्र आहे का, आणि नसेल तर २०१३ चा कायदा मोडल्याबद्दल कोणावर गुन्हा नोंदवला? भारत सरकारने २०१७ आणि २०२० साली संयुक्त राष्ट्रांपुढे आपल्या प्रगतीचे अहवाल मांडले. तसे अहवाल वस्तीवस्तीतून आपण लिहिले पाहिजेत, मराठीत लिहिले पाहिजेत, आणि मग ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते पुढे न्यावेत. प्रतिनिधित्वाची उतरंड उलटी झाली पाहिजे.

आमच्या चर्चासत्रातले निबंध ग्रंथरूपाने निघणार आहेत. माझा निबंध मी परत मागून घेतला. त्यात खिडकीबाहेरच्या त्या दोन पोरांची आणि माझ्या वडिलांच्या प्रश्नाची दोन पाने घालून तो पुन्हा दिला आहे. संपादक मंडळ म्हणते, ही पाने विषयाला धरून नाहीत. मी लेखी कळवले आहे, की विषय तोच आहे, छापायचे असेल तर त्या पानांसह छापा.

अजून उत्तर आलेले नाही. दरम्यान त्या मुलाला मी रात्रीच्या वेळी बारावीच्या परीक्षेसाठी इतिहास शिकवतो आहे.